हौसामावशीचं हॅप

हौसामावशीला चहा देणं हे धाडसाचं काम आहे. तुम्ही कप पुढे केलात की ती कपाला हात लावत नाही. "हॅप!" म्हणून ओरडते आणि तुमचं मनगट पकडते. चहा बशीत, बशीतला तुमच्या पायावर. वर तुम्हालाच शिकवते, "बोटं धरली की मानूस निसटतो, गुरुजी. मनगट धरावं."

येडगावात तिच्या भाच्याचं घर आमच्या घराला लागून आहे, त्यामुळे माझे पाय बरेचदा भाजलेत. देवळातला पुजारी तिला तीर्थ लांब दांड्याच्या पळीने देतो. एका कंडक्टरने तिकीट पुढे केलं, तर त्याचं मनगट नारायणगाव स्टँडवरच सुटलं. निम्म्या गावाला हा कसलातरी मंत्र वाटतो.

मंत्र नाही, सर्कस. मावशीचा बाप मेंढरं राखायचा. एका वर्षी रोगाने सगळा कळप दगावला, तेव्हा तो पोरीला घेऊन सर्कशीतल्या घोड्यांच्या चाकरीला लागला. पोर झुल्यावर चढली. पलीकडच्या झुल्यावर उस्ताद उलटा लटकलेला. तो "हॅप" म्हणाला की आपला दांडा सोडायचा, तो मनगटं झेलतो. सर्कस सुटली, पण मावशी अजून झेलतेच आहे.

तिची आवडती गोष्ट एकाहत्तरच्या लढाईतली. तंबू गुजरातेत, मावशी पंधराची. ब्लॅकआउटमुळे खेळ दुपारीच व्हायचा आणि सराव संध्याकाळी. "भोंगा वाजला, दिवे गेले, अन् मी वर! उस्ताद म्हनला हॅप. दिलं सोडून! काळ्याकुट्ट अंधारात झेललं की राव त्यानं!" ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, की दर खेपेला झुला हातभर वर जातो हेही माझ्या लक्षात आलंय.

मोतीबिंदू काढा, असं डॉक्टर दोन वर्षं सांगत होते. मावशी टाळत होती. शेवटी एकदा तिने "हॅप!" करून आमच्या पाण्याच्या मोटरीचा पाइप मनगट समजून धरला आणि त्याला ज्ञानही दिलं. भाच्याला कंपनीत रजा मिळेना, म्हणून मीच तिला नारायणगावच्या दवाखान्यात नेलं.

बाकावर डोळ्यांत थेंब घालून बसली असताना ती एकदम म्हणाली, "गुरुजी, म्या सोडलं नव्हतं."

"काय?"

"झुला. त्यो हॅप हॅप म्हनत ऱ्हायला, अन् मी दांड्याला चिकटलेली. दिवे आले तवा खाली उतरले. उस्ताद कुनाला बोलला न्हाई. फौजेतनं सुटून आल्याला गडी त्यो. दुसऱ्या दिशी तार आली, परत बोलावलं. गेला त्यो आलाच न्हाई. फुडं दुसऱ्यांनी लई येळा झेललं मला. पर त्येचं हॅप तसंच ऱ्हायलं. आता पट्टी बांधली की अंधार व्हनार. अंधारात माझा हात सुटत न्हाई."

मला वाईट वाटलं. पण जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, मी म्हणालो, "दहा मिनिटांचं काम आहे."

दहा मिनिटांचंच होतं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू. नर्स म्हणाली, "आजी, उतरा आता." मावशीने कॉटचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला होता. नर्सने समजावलं, मग एकेक बोट सोडवून पाहिलं. एक सुटलं की दुसरं बसायचं.

पलीकडच्या कॉटपाशी माझा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन उभा होता. माझ्या अब्रूचा प्रश्न होता. तरी मी दोन्ही हात पुढे केले आणि म्हणालो, "हॅप."

काही झालं नाही. मग मी वर्गात ओरडायचो तसा ओरडलो, "हॅप!"

दोन्ही हात एकदम सुटले. मी मनगटं धरली. अगदी काटक्या होत्या. तिनेही माझी धरली, आणि ती पकड मात्र काटकीची नव्हती. सगळा वॉर्ड बघत होता. ती हळूच खाली उतरली आणि तशीच उभी राहिली.

"आवाज लई बारीक हाय तुमचा, गुरुजी," ती म्हणाली. "पर सोडलं बघा मी."