बिनशब्दांचे दहा तुकडे

धनाजीरावांचं पत्र दिवाळीनंतर डभोईहून आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. आळस नव्हता. उलट चार दिवसांत उत्तर पाठवतो अशी माझी खात्री होती! जन्मभर ग्रंथालयात कार्डं लावलेला माणूस मी. मला यादीची भीती कसली?

मागणी एकच होती. धनाजीरावांचा डावा कान गेला होता. उजवा उन्हाळ्यापर्यंत टिकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. "अविनाशराव, आपण ऐकायचो त्यातले गिटारचे दहा तुकडे निवडून नावं कळवा. यशश्री मोबाइलवर लावून देईल. शब्दांची गाणी पुढे वाचून तरी आठवतील. बिनशब्दांची आताच ऐकून ठेवतो."

यशश्री त्यांची मुलगी. आणि हे तुकडे म्हणजे विलायती पॉप-रॉकचं निव्वळ वाद्यसंगीत. चाळीस वर्षांपूर्वी आम्ही दोघे मित्र दर रविवारी ते रेडिओवरून टेप करायचो. निवेदक नाव सांगू लागला की टेप बंद! बोलण्यात फीत कशाला वाया घालवायची? त्यामुळे आमच्या एकाही कॅसेटवर नाव नाही. माझ्या अक्षरात फक्त 'छान', 'फार छान' आणि 'ही धनाजीरावांना आवडते' एवढंच.

त्या कॅसेटींना आता बुरशी आलेली. म्हणून मी मनातल्या मनात वाजवून निवड सुरू केली. रोज एक तुकडा वर जाई, एक खाली येई. माझी आवड म्हणजे चांगलीच असेल कशावरून? या विचारात माघ संपला. दहा ठरले तेव्हा होळी आली होती, आणि नावं एकाचीही ठाऊक नव्हती.

रावपुऱ्याच्या बाजारात मयंकभाईंचं जुन्या कॅसेटींचं दुकान आहे. धीर करून गेलो.

"काका, गीतना बोल शुं छे?"

"बोल नथी."

"तो पिक्चर?"

"पिक्चर पण नथी."

मयंकभाई माझ्याकडे दयेने पाहू लागले. मग मला वाजवूनच दाखवावं लागलं. डावी बोटं हवेत वाकडी धरली, उजवा हात थरथरवला, आणि गिटार रडते त्या जागी तोंड एका बाजूला ओढून "टँऽऽव" असा सूर लावला. जागा अवघड होती, डोळे आपोआप फिरले.

मागच्या गिऱ्हाइकाने मला काखेत हात घालून धरलं. "लकवो छे, सुवाडो!"

मला बाकावर आडवं केलं. कुणी पाणी शिंपडलं, कुणी जोडा हुंगवला. माझ्या खिशातल्या फोनवरून सुनेला, दीप्तीला, कळवलं. मी "गिटार, गिटार" म्हणत होतो. त्यावर एक बाई हळहळल्या, काका भलतंच बोलायला लागले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हाताला नेमकं काय झालं होतं? शेजारी दीप्ती रडवेली उभी. सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्याने भर रावपुऱ्यात न दिसणारी गिटार वाजवली, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी म्हणालो, "काही कळलं नाही."

या तीन शब्दांपायी चार दिवस खाट, मेंदूचे फोटो, आणि घरी महिनाभर रबरी चेंडू दाबणं! डोक्याला ताण नको म्हणून पुस्तकं, कागद, पेन, फोन, सगळं कपाटात. किल्ली दीप्तीच्या कमरेला.

फोन परत मिळाला त्या दुपारी डभोईला लावला. नावं नाहीत तर नाहीत, त्यांना फोनवरच गुणगुणून दाखवू, असं ठरवलं होतं. यशश्रीने उचलला.

"काका, बाबांना आता काहीच ऐकू येत नाही. गुढीपाडव्यापासून."

मी विचारलं, शेवटी काय ऐकलं त्यांनी?

"काही नाही. मी लावून देत होते, ते नको म्हणायचे. अविनाशरावांची यादी येऊ दे, क्रमाने ऐकू, म्हणायचे."

फोन ठेवला. दीप्ती चहा घेऊन आली, तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे लकवा नव्हताच?"

"नव्हता."

तिने चेंडू उचलून घेतला. मग कपाट उघडलं आणि कागद-पेन माझ्यासमोर ठेवलं. "आता तरी लिहा, बाबा."

काय लिहायचं? धनाजीराव कारखान्यात जाताना सायकलवर हे तुकडे तोंडाने म्हणत. तसेच लिहिले. टँव टँव टिडिक. सूर घसरतो तिथे लांब रेघ ओढली. ढोल थांबतो तिथे जागा कोरी सोडली. वर फक्त 'माफ करा' लिहिलं. सहा पानं झाली. दीप्तीने एक पान वाचून पाहिलं आणि पाकीट चिकटवलं.

अकोट्याच्या टपालपेटीत पत्र टाकलं आणि त्याच क्षणी वाटलं, सातवा तुकडा पहिला हवा होता. पेटीच्या तोंडातून हात आत घालून पाहिला. पोचला नाही.