हिरव्या खुर्चीतली डुलकी

ठिपकी कुत्री सकाळपासून तीन पायांवर उभी होती. चौथा पाय कान खाजवण्यात गुंतला होता.

"पिसवा!" सोफेवाल्याच्या बायकोने चहाचा कप खाली ठेवत निकाल दिला. "रविवारपर्यंत ही खाज थांबली नाही, तर हिची रवानगी माझ्या भावाच्या शेतावर."

सोफेवाल्याने ठिपकीला जवळ ओढलं. ठिपकीशिवाय त्याला दुपारची झोप लागत नसे आणि दुपारची झोप हा तर त्याच्या धंद्याचाच भाग होता. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक खुर्चीत आधी तासभर डुलकी काढायची, त्याशिवाय कुठली स्प्रिंग बोचते ते कळत नाही, असं तो गिऱ्हाइकांना अगदी गंभीरपणे सांगे. ठिपकी मांडीवर असे. खिडकीतून तिरपं ऊन येई, त्यात कापसाचे तंतू सावकाश तरंगत आणि दोघं एका तालात घोरत.

"डॉक्टरांकडून औषध आणा."

"छे! रसायनं नकोत. निसर्गात सगळं आहे."

सोमवारी त्याने लिंबं उकळून ते पाणी ठिपकीवर शिंपडलं. घरभर असा मंद वास सुटला, की आपण एखाद्या बागेत राहतो असं त्याला वाटू लागलं. मंगळवारी खोबरेल तेल चोळलं. ठिपकीने अर्धं चाटलं आणि उरलेलं वकिलीणबाईंच्या दुरुस्तीला आलेल्या पांढऱ्याशुभ्र सोफ्याला पुसलं. बुधवारी ओट्सच्या पिठाची आंघोळ झाली. तिने तीही खाल्ली.

दर वेळी दमून दोघं कुणाच्या तरी माळ्यावरून आलेल्या हिरव्या मखमली खुर्चीत झोपत, आणि उठली की ठिपकी पुन्हा खाजवायला लागे.

शनिवारी बायको बारीक फणी आणि पांढरा पंचा घेऊन बसली. ठिपकीला शेतावर धाडायची तयारी सुरू झाली, असं वाटून सोफेवाल्याचे डोळे भरून आले. आंघोळ झाली. फणी फिरली. पंचा पांढराच राहिला.

"बघ! गेल्या!" तो आनंदाने खुर्चीत कोसळला.

"अहो, तुमचा हात कुठे आहे?"

हात पोटरीवर होता. खाजवत होता. गेला आठवडाभर खाजवत होता.

बायकोने फणी मखमलीवरून फिरवली आणि पंच्यावर झटकली. तीन काळे ठिपके टुणकन उडाले. मग तिने ती त्याच्या स्वेटरवरून फिरवली. सात उडाले.

रविवारी खुर्ची अंगणात उन्हात पडली होती. शेजारी स्टुलावर, लिंबाच्या पाण्याने न्हालेला सोफेवाला टॉवेल गुंडाळून बसला होता; त्याचे कपडे चुलीवर उकळत होते. आत ठिपकी बायकोच्या पलंगावर पसरली होती. थोड्या वेळाने ती उठली, बाहेर आली आणि त्याच्या पायाशी डोकं टेकून डोळे मिटू लागली. सोफेवाल्याला भरून आलं. त्याचेही डोळे जड झाले.

तेवढ्यात खिडकीतून हाक आली, "ठिपके, आत ये आधी! त्यांच्या पिसवा लागतील तुला!"