भागवत सरांची तोटी

रविवारी सकाळी प्रभाकर भागवत दाढीला बसले आणि सडक्या अंड्यांचा वास आला. हात गालावरच थांबला. काल शेवटच्या तासाला दहावीच्या वर्गाला त्यांनी हाच वायू तयार करून दाखवला होता. त्या काचेच्या उपकरणाची तोटी बंद केली होती का?

"केली असेल," त्यांची बायको वासंती म्हणाली. "परवा स्टोव्हही बंद केला होतात ना? पातेलं बघा जाऊन."

अर्धी दाढी पुसून सर सायकलवर बसले, तोच शाळा समितीचे अध्यक्ष कोंडाजी पाटील निम्मं गाव घेऊन समोर आले.

"सर, वास आला नव्हं? त्या रंगाच्या कारखान्याचंच काम! चला म्होरं. तुमी शायन्सवाले."

"पाटील, मी जरा शाळेत..."

"शाळा पळून जाती व्हय? तुमची कायमची ऑर्डर उद्याच काढायची हाय. आन ह्या वासाला म्हंत्यात काय?"

"हायड्रोजन सल्फाइड."

"हायड्रोजन सल्फाइड मुर्दाबाद!" लोक ओरडले. घोषणा एवढी लांब की संपेस्तोवर दम जाई आणि पुन्हा तोच वास छातीभर घ्यावा लागे. सर पुढे चालत होते. जीव मागे, शाळेत अडकला होता. म्हाताऱ्या गोजाबाई ठसकत होत्या.

कारखान्याच्या फाटकावर मॅनेजर घाम पुसत उभे होते. "सर, तुम्हीच सांगा. वास कुठला?"

गोजाबाई पुन्हा खोकल्या. सरांना राहवलं नाही.

"शाळेतला. माझ्याकडून तोटी उघडी राहिली असणार."

मॅनेजरांच्या चेहऱ्यावर रंग आला. "असू द्या हो, होतं! अरे, सगळ्यांना चहा आणा!"

कोंडाजींनी कपाला हात लावला नाही. "ऑर्डरीचं मग बघू," एवढंच म्हणाले.

सरांनी तडक शाळा गाठली. प्रयोगशाळेचं कुलूप काढलं. तोटी घट्ट बंद होती. त्यांनी नाक फुगवून हुंगलं. खडू आणि स्पिरिट, बाकी काही नाही. मग खिडकी उघडली, आणि वास आत आला.

मागोमाग आलेले कोंडाजी दारात धापा टाकत होते. "झाली का बंद?"

"इथली बंदच होती."

कोंडाजींनी तोटीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, हवा ओढून घेतली. मग अंगणातल्या गर्दीकडे वळले.

"फिरा रं माघारी! सर, तुमी म्होरं व्हा. आन ज्यांनी चहा ढोसलाय, त्यांनी जरा जास्त वरडायचं!"