पाहुणीसाठी एक वीत पाणी

पाण्याची काटकसर कशी करावी, हे आमच्या मर्गिलान शहरात कोणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडे यावं, असं मी गेल्या जूनपर्यंत चारचौघांत छाती फुगवून सांगत असे. आता कोणी विचारलं तर मी विषय खरबुजांकडे वळवतो. पण तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो.

आमचा कारखाना रेशमाचा. लडी रंगवायच्या, धुवायच्या, पुन्हा रंगवायच्या, पुन्हा धुवायच्या. रेशीम किडा तयार करतो असं लोक म्हणतात. आमच्या रंगखात्यात एक दिवस उभे राहा, म्हणजे ते पाणीच तयार करतं अशी तुमची खात्री पटेल. हे पाणी येतं पाटाचं, आणि पाट म्हणजे जावई. कधी रुसेल याचा नेम नाही! गेल्या वर्षी ऐन जुलैत तो असा रुसला की रंगखातं अठरा दिवस बंद पडलं आणि परदेशी जाणारे रेशमी रुमाल उशिरा पोचले. घेणाऱ्यांनी या वर्षी सरळ कळवलं: पाट आटला तरी तुमचं काम तीन दिवस थांबणार नाही, असा तपासनिसाच्या शिक्क्याचा कागद दाखवा, नाहीतर रुमाल आम्ही शेजारच्या नमनगान शहरातून घेऊ. रुमाल गेले की रंगखातं गेलं, आणि रंगखातं गेलं की तिथल्या चाळीस बायका घरी बसल्या.

आमचे संचालक गनीशेर-अका (आमच्याकडे पुरुषाला मानानं अका म्हणतात, बाईला ओपा) यांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "झोकिरजान, कागद आणायचं काम तुझं." मी म्हणालो, कागद आलाच समजा. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पुढे असंही म्हणालो, की नाही आणला तर मिशी उतरवीन.

तसं मी काम वाईट केलं नव्हतं. गळके नळ बदलले. एका लडीच्या शेवटच्या विसळणीचं पाणी दुसरीच्या पहिल्या विसळणीला वापरायला लावलं. रंगखात्यामागे एक जुना हौद होता, त्यात दोन म्हातारे मासे आणि एक फुटकी खुर्ची नांदत होती. खुर्ची काढली, गिलावा केला, हौद भरला. त्यात एक खांब रोवून त्यावर वीतवीतभर अंतरानं सहा लाल रेघा मारल्या. दोन विती पाण्यावर रंगखातं एक दिवस चालतं, म्हणजे सहा विती तीन दिवस. भिंतीवर आजोबांच्या तोंडची म्हण रंगवून घेतली: थेंबे थेंबे तळे साचे.

यावर कळस म्हणून मी एक हुकमी डाव टाकला. पाटकऱ्याकडे जाऊन त्याला सांगितलं, गुरुवारी तपासणी आहे, सकाळपासून पाटाचं आमच्याकडचं दार बंद ठेव. तपासनिसाच्या डोळ्यांदेखत मी कारखाना नुसत्या हौदावर चालवून दाखवणार! पाटकऱ्यानं तीस वर्षांत पाणी बंद कर म्हणणारा माणूस पाहिला नव्हता. त्यानं मला दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना.

बुधवारी मी सगळ्यांना अंगणात जमवलं. म्हणालो, उद्या ताश्कंदहून तपासनीस मुअत्तर-ओपा येतायत. हौदाच्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही. आणि बाई पाहुण्या आहेत, त्यांच्या मानात काही कमी पडता कामा नये. यातलं पहिलं वाक्य कारखान्याचं होतं आणि दुसरं आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. कोणतं जिंकणार हे मला तिथेच कळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी सहाला हौदापाशी गेलो. पाणी थेट सहाव्या रेघेला! पण तळाशी गाळ आणि कडेला हिरवट शेवाळ. मनात आलं, बाई एवढ्या लांबून येणार आणि आपण त्यांना हिरवं पाणी दाखवणार? मी तळाची चावी फिरवली, गाळाबरोबर मोजून एक वीत पाणी सोडलं आणि चावी बंद केली. पाट आहेच, परत आल्यावर भरून घेऊ, असा हिशेब करून नवी टोपी घालायला घरी गेलो.

नऊला परत आलो तर हमरस्त्यापासून फाटकापर्यंत सडा! धूळ अशी बसलेली की श्वास घ्यावासा वाटावा. आमचे पहारेकरी तुरगुनबाबा हातात नळी घेऊन उभे होते, पांढरी दाढी विंचरलेली. खरं सांगतो, मला भरून आलं. नळीचं दुसरं टोक कुठे गेलंय ते पाहायचं मात्र सुचलं नाही. आत नोरमत आचारी तांबूस देवझिरा तांदूळ धूत होता. हा तांदूळ धुता धुता माणूस म्हातारा होतो. नोरमत मला अभिमानानं म्हणाला, सातवं पाणी चाललंय. रंगखात्यात तिथल्या मुकादम होजर-ओपांनी सगळ्या बायकांना फरशी घासायला लावलं होतं, पाहुणीच्या बुटांना निळा डाग लागू नये म्हणून. आणि कचेरीसमोरचं कारंजं, जे अकरा वर्षं कोरडं होतं, ते उडत होतं! गनीशेर-अका नातवाचं पहिलं पाऊल पाहावं तसे त्याच्याकडे पाहत उभे होते. कारंज्याच्या टाकीला तडा होता, त्यामुळे वर उडालेलं पाणी परत न येता गुलाबांच्या वाफ्यात निघून जात होतं. गुलाब खूश होते.

मग मला पाटाची आठवण झाली. जाऊन पाहतो तर पाट कोरडा ठणठणीत! पाटकऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. दार बंद ठेवायला मीच सांगितलं होतं. हौदाकडे धावणार तेवढ्यात फाटकात गाडी वाजली. मी मनाची समजूत घातली, एकच वीत तर कमी आहे. पाच विती म्हणजे अडीच दिवस. बोलण्यात हुशारी दाखवली तर अर्धा दिवस कोणाच्या लक्षात येतो?

मुअत्तर-ओपा चाळिशीच्या, बारीक, पायात पांढरे बूट, हातात वही. ओल्या रस्त्याकडे पाहून त्यांनी काहीतरी लिहिलं. कारंजं पाहून पुन्हा लिहिलं. आम्ही नान आणि चहा पुढे केला. मानाच्या पाहुण्याला चहा थोडाच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. त्या दिवशी आमच्या कारखान्यात पाण्याची काटकसर झाली ती एवढ्या एकाच ठिकाणी, त्यांच्या पियाल्यात.

नळ पाहून त्या खूश झाल्या. विसळणीची युक्ती त्यांनी दोनदा समजून घेतली. म्हणाल्या, आजवर अकरा कारखाने पाहिले, हे कुठे पाहिलं नाही. माझी मिशी आपोआप वर गेली. मी म्हणालो, अजून हौद पाहायचाय, आणि सगळ्या लवाजम्यासह त्यांना मागे नेलं. हौदाकडे पाठ करून, हात पसरून मी भाषण सुरू केलं. पाट आटो, नदी आटो, आमचं रंगखातं तीन दिवस...

तेवढ्यात आतल्या पंपाला ठसका लागला. तो दोनदा खोकला आणि हवा ओढायला लागला. होजर-ओपा निळ्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाणी गेलं. लडी अर्ध्या रंगल्यात."

मी वळलो. खांब उभा होता, सहाच्या सहा लाल रेघा स्वच्छ दिसत होत्या. तळाशी घोटाभरही पाणी नव्हतं. दोन्ही म्हातारे मासे कुशीवर पडून माझ्याकडे बघत होते. मागे भिंतीवर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, थेंबे थेंबे तळे साचे.

बाईंनी वही मिटली नाही. शांतपणे विचारलं, "कोणी घेतलं?"

मला वाटलं, आता सगळे एकमेकांकडे बोट दाखवणार. पण तुरगुनबाबा छातीवर हात ठेवून पुढे झाले. "मी घेतलं, पोरी. एकच वीत. तू धुळीतून आली असतीस तर मी मेल्या आईला काय तोंड दाखवलं असतं?"

नोरमतनं तितक्याच अभिमानानं सांगितलं, तांदळाला एक वीत. होजर-ओपा म्हणाल्या, फरशीला एक. गनीशेर-अका आभाळाकडे पाहत म्हणाले, कारंज्याला एक. बाई नुसत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या, तेव्हा म्हणाले, दोन.

बाईंनी बोटं मोजली. "पाच झाल्या. सहावी?"

चाळीस बायका दाराशी उभ्या होत्या, हातातल्या लडींवरून निळं पाणी टपटपत होतं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या, कारण कागद आलाच समजा हे त्यांनीही ऐकलं होतं. मला खरोखर लाज वाटली. शाळेत वर करायचो तसा मी हात वर केला.

"तुम्ही, झोकिर-अका? तुम्ही कशाला घेतलं?"

"पाणी चांगलं दिसावं म्हणून," मी म्हणालो.

मग जेवायला बसलो. पुलाव अप्रतिम झाला होता, आणि त्यामुळे अपराध जास्तच टोचत होता. बाईंनी ताट संपवलं, हात पुसले आणि म्हणाल्या की इतर ठिकाणी पाणी चोरलेलं सापडतं, इथे सगळं माझ्याच पायावर ओतलंत. आज शिक्का देता येणार नाही. महिन्याभरात पुन्हा येईन. मग फाटकाशी थांबून म्हणाल्या, "पण दिवस सांगणार नाही. सांगितला की तुम्ही काय करता ते पाहिलं."

मिशी त्याच संध्याकाळी उतरली. बायकोनं दार उघडलं आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं.

दुसऱ्या दिवशी पाटाचं दार उघडलं, हौद भरायला लागला आणि मी निश्चिंत मनानं कामावर आलो. बघतो तर फाटकाबाहेर सडा! मी बाबांवर ओरडलोच, की पाहुणी तर गेली. बाबांनी नळी खाली ठेवली आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "झोकिरजान, दिवस सांगितला असता तर एकच दिवस शिंपलं असतं. तिनं सांगितला नाही. आता ती रोज येऊ शकते."

यावर उत्तर असेल तर मला कळवा. मी तीन दिवस वाद घातला. गनीशेर-अकांकडे तक्रार नेली, तर ते कारंज्याच्या तड्यात सिमेंट भरत बसले होते, त्याच कारणासाठी. शेवटी तह झाला. कारंजं बंद, तांदूळ तीन पाण्यांत, फरशी पुसायची, धुवायची नाही. आणि बाबांना नळीऐवजी बादली, दिवसाला चार. ते म्हणाले, चारमध्ये फाटकसुद्धा भिजत नाही. मी म्हणालो, मग हातानं शिंपा, कंजूषपणे शिंपा. ते म्हणाले, कंजूषपणे शिंपायला माझे हात शिकलेले नाहीत, तूच दाखव. म्हणून मी दाखवायला लागलो.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सातला मी फाटकात वाकून शिंपत होतो, तर समोर दोन पांढरे बूट येऊन थांबले. बादली मी पाठीमागे लपवली, पण ओला रस्ता कुठे लपवणार? मुअत्तर-ओपांनी रस्त्यावर एक नजर टाकली. सरळ हौदापाशी गेल्या. पाणी पाचव्या रेघेच्या थोडं वर. त्यांनी पाटाचं दार स्वतः बंद केलं आणि रंगखातं चालवायला सांगितलं. त्या दिवशीही चाललं, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला पंप खोकला, तेव्हा घेतलेल्या सगळ्या लडी धुवून दोरीवर चढल्या होत्या. होजर-ओपा डोक्यावरच्या रुमालाआड रडल्या. मी मिशीकडे हात नेला, पण ती तिथे नव्हती.

शिक्का मारून झाल्यावर बाई फाटकाबाहेर पडल्या, थांबल्या आणि बाबांना म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात धूळ राहिलीय."

कागद आता संचालकांच्या खोलीत चौकटीत लावलेला आहे. त्यावर लिहिलंय: पाणी पुरेल पावणेतीन दिवस. त्याखाली, मुख्य धोका या रकान्यात एकच शब्द आहे: पाहुणे. परदेशातल्या मंडळींना पाव दिवस चालला. उलट कागद वाचून ते इतके खूश झाले की त्यांनी पत्र पाठवलंय, असा कारखाना स्वतः पाहायला आम्ही सातजण सप्टेंबरात येतो.

तुरगुनबाबांनी कालच माझ्याकडे नवी बादली मागितली. मी दोन आणल्या.