हानाबाईचं बाळंतपण

सुमनताई जोगळेकरांनी जपानातल्या सेंदाईत एका घोडीचं बाळंतपण केलं. घोडी बाळंत झालेली नव्हती. पण असल्या किरकोळ गोष्टींवाचून सुमनताईंचं कधी अडलं नाही.

या भानगडीत मी सापडले, कारण माझ्याकडे गाडी होती. ताईंचे यजमान आणि माझा नवरा एकाच कंपनीत. जोगळेकरांना गाडी चालवता येते, पण घोडीचा विषय निघाल्या दिवसापासून त्यांचा चष्मा सापडत नव्हता. मुलगी मुग्धा लग्न होऊन कोबेला. राहता राहिले मी.

एंदोसान म्हणजे शहराबाहेर डोंगराच्या पायथ्याशी पाच-सहा घोडे पाळून मुलांना रपेट घडवणारे एक अबोल म्हातारे गृहस्थ. त्यांची बायको ताईंकडे पोळ्या शिकायला यायची. तिनंच एकदा हानाची गोष्ट सांगितली. मोठा भूकंप झाला त्या क्षणी हानावर खोगीर चढवत होते. तबेल्याचं छप्पर एका अंगानं खाली आलं. घोडी वाचली; पण तेव्हापासून पोटाला तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा लागला, की ती उधळायची. बर्फाच्या दिवसांत सगळेच घोडे बसून असतात आणि वसंतात त्यांना हळूहळू कामाला लावतात. आधी नुसतं हातात धरून चालवायचं, मग खोगीर, मग स्वार. हाना दोन वसंत खोगिरापाशीच अडली होती. यंदाही जमलं नाही तर तिला पाठवून द्यावं लागेल, असं एंदोबाई म्हणाल्या.

कुठे, ते त्या बोलल्या नाहीत. जपानात असं कुणी विचारतही नाही. सुमनताईंनी मोडक्यातोडक्या जपानीत विचारलं. उत्तर ऐकून त्यांनी गॅस बंद केला आणि मला फोन लावला.

हाना पिंगट, हाडं वर आलेली. हिवाळ्याचे केस जागोजागी गळत होते. ताईंनी तिला खुरांपासून कानांपर्यंत न्याहाळलं आणि निदान केलं, "ओली बाळंतीण आहे ही."

"ताई, तिला शिंगरू झालेलं नाही."

"न का होईना! केस बघ कसे गळतायत. दचकते, खात नाही, पाठ धरलीय. आणखी काय शिंगं फुटायला हवीत? अंग भरायला हवं हिचं."

मी एंदोसानना जपानीत सांगितलं, की ताईंच्या मते घोडीला विश्रांतीची गरज आहे.

"डिसेंबरपासून तीच घेते आहे," एंदोसान म्हणाले.

पुढच्या शनिवारी डब्यात डिंकाचे लाडू. घोड्यांना तूप चालत नाही, असं एंदोसाननी कमरेत वाकून सांगितलं, तेव्हा ताईंच्या चेहऱ्यावर जी कीव उमटली ती घोड्यांच्या अख्ख्या जातीसाठी होती. शेवटी मेथी, गूळ आणि ओट्सवर तडजोड झाली. हाना मिटक्या मारत खायची. पण तूप नसलेल्या वस्तूला लाडू म्हणायला ताई अखेरपर्यंत तयार झाल्या नाहीत.

मग धुरी. ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून त्यांनी शेगडी तबेल्याच्या दारात ठेवली, कोरड्या गवताच्या गंजीला खेटून. एंदोबाई बादली घेऊन धावल्या. निम्मं पाणी शेगडीवर पडलं, निम्मं ताईंवर. ताई ओल्या पदरानं मला म्हणाल्या, "तिला सांग, शेक शेवटी घ्यायचा असतो, अंघोळ आधी." मी हे भाषांतर टाळलं.

कानाला वारं लागू नये म्हणून त्यांनी जोगळेकरांचा मफलर हानाच्या डोक्याला बांधला. घोडी मान खाली घालून कुंपणाशी उभी राहिली, तर रस्त्यानं जाणाऱ्या एका आजीबाई थांबून तिला वाकून नमस्कार करून गेल्या. बाकीचे घोडे मात्र दिवसभर आमच्याकडे पाठ करून उभे होते.

हे सगळं एंदोसान सोसत होते. पण "आता पोट बांधायचं" असं ताई म्हणाल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. घोडीच्या पोटाला पट्टा लागला की काय होतं ते त्यांनी पाहिलं होतं. ते ताईंच्या आणि घोडीच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"पोट बांधलं नाही तर कंबर धरत नाही," ताई त्यांना ठणकावून मराठीत म्हणाल्या आणि पिशवीतून एक हिरवी नऊवारी काढली. सुती, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.

पहिल्या दिवशी साडी नुसती पाठीवर टाकली. मग पोटाखालून एक सैल वेढा. हानाची कातडी थरथरायची, कान मागे जायचे, की ताई लगेच वेढा सोडायच्या. "झालं हं बाई, झालं. कुण्णी घाई करत नाही." पुन्हा गूळ, पुन्हा वेढा. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलला तोवर हाना नऊवारी नेसून अंगणात फेऱ्या मारायला लागली होती. वेढे दोन झाले, तीन झाले, चांगले घट्ट झाले. मग एका सकाळी एंदोसाननी काही न बोलता साडीवरच खोगीर ठेवलं आणि तंग आवळला. हानानं मान वळवून ताईंकडे पाहिलं आणि तोंडातला गूळ चघळत राहिली.

एंदोसाननी टोपी काढली आणि बराच वेळ ती हातात फिरवत राहिले.

मेच्या सुट्टीत त्सुनामीत किनाऱ्याकडची घरं गेलेली, तात्पुरत्या वसाहतीत राहणारी मुलं रपेटीला आली. हिरव्या साडीवर खोगीर, खोगिरावर एक चिमुरडी मुलगी आणि लगाम धरून पुढे सुमनताई, स्वतःच वरातीला निघाल्यासारख्या. हाना शहाण्यासारखी चालली. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर एंदोसान ताईंसमोर खूप खाली वाकले. हाना आता इथेच राहील, म्हणाले. तुम्ही फार कष्ट घेतलेत. यापुढे तुम्हाला इतक्या लांब यायचा त्रास नको.

मी ताईंना सांगितलं, "ते म्हणतायत, हाना राहणार. आणि तुम्ही अजून महिनाभर तरी येत राहा."

ताईही वाकल्या. मग निघालो.

गाडीत त्या गप्प होत्या. सुमनताई गप्प, हे मी प्रथमच पाहत होते. मोठ्या चौकात लाल सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "मीनल, इतकी वर्षं काढलीत मी या देशात. 'नको' एवढं जपानी मला कळतं."

मी वायपर उगाच एकदा फिरवून बंद केला.

"मुग्धाला जानेवारीत मुलगा झाला. लाडू करून ठेवले होते. ती साडी तिचं पोट बांधायला महिनाभर रोज धुऊन मऊ केली होती. म्हणाली, आई, इथे हॉस्पिटलवाले सगळं करतात, तू त्रास घेऊन येऊ नकोस. तेही जपानीतच. चिडून नाही गं, चांगलं हसून म्हणाली."

सिग्नल हिरवा झाला आणि पुन्हा लाल झाला. मागच्या गाड्या हॉर्न न वाजवता शहाण्यासारख्या उभ्या होत्या. मी ब्रेकवरचा पाय उचललाच नव्हता.

"हानानं मला लाथ मारलेली, माहितीये? पहिल्याच आठवड्यात. तुला सांगितलं नाही. एंदोसानना कळतं तर त्यांनी मला पुन्हा आत घेतलं नसतं." ताईंनी मांडीवरून हलकेच हात फिरवला. "अजून गाठ आहे. लाथ मारलीन, पण 'येऊ नकोस' नाही म्हणाली."