सरळ केलेली सळई

"अब्बा, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी गिटार तुमच्या मांडीवर," असं अश्फाकनं जेवताना जाहीर केलं तेव्हा त्याच्या तोंडात भाकरीचा घास होता. भरल्या तोंडानं दिलेला शब्द धरायचा नसतो, हे रहिमान अब्बांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

अश्फाकला शब्द द्यायची सवयच होती. इस्लामपुरात त्याचं लेथचं वर्कशॉप. साखर कारखान्याचे माणसाच्या मांडीएवढे शाफ्ट वाकले की त्याच्याकडं येत, आणि तो ते असे सरळ करी की वरून पाण्याचा थेंब सोडला तर कुठं ओघळावं हे त्या थेंबाला कळू नये. असल्या माणसापुढं एका गिटारीतली पेन्सिलीएवढी सळई म्हणजे काय?

गिटार सासऱ्यांची, म्हणजे अब्बांची. १९७४ सालचा जपानी बास, चार जाड तारांचा, गाण्याखाली ठोके धरणारा. तीस वर्षं अब्बा तो सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवत होते, औंधच्या यात्रेपासून पाचगणीच्या हॉटेलांपर्यंत. चार वर्षांपूर्वी खातूनबी, म्हणजे अश्फाकची सासू गेली. बास कपाटावर गेला, तो तिथंच राहिला. आता खाली काढून बघितला तर त्याची मान धनुष्यासारखी वाकलेली. तारा पट्टीपासून इतक्या वर उचललेल्या की अश्फाकची बायको सुमैरा म्हणाली, "ह्याच्यावर बाळाची लंगोटी वाळत घालता येईल."

अशा गिटारीच्या मानेत, बोटं दाबायच्या काळ्या पट्टीखाली, एक लोखंडी सळई असते. तारा मानेला पुढं ओढतात, सळई मागं धरून ठेवते. ह्या सळईनं हात टेकले होते.

आणि घाई होती. अब्बांच्या डाव्या हाताची बोटं सुन्न होत चालली होती. मानेच्या मणक्याचं ऑपरेशन बावीस तारखेला, म्हणून ते सांगलीहून लेकीकडं येऊन राहिलेले. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, नंतर हातात कप धरता येईल, बारीक कामाचं सांगता येत नाही. अब्बांनी एवढंच विचारलं, "मग त्याच्या आधी एकदा वाजवून घेऊ का?" डॉक्टरांना वाटलं, काहीतरी परवानगी मागतायत. ते म्हणाले, खुशाल.

अश्फाकनं शब्द दिला तेव्हा तारीख होती दहा.

अकराला अश्फाकनं पहिल्यांदा चारही तारा सोडवून डब्यात टाकल्या. मग सळईच्या टोकाचा नट पिळला. हलेना. त्यानं पान्याला पाइप घातला, कारखान्याचे नट सोडवताना घालतात तसा. "कट्" असा आवाज आला. नटाचे आटे संपले होते आणि आता नटही संपला होता.

"आता?" सुमैरानं विचारलं.

"आता काय, सळई भाईर काढायची. तुझी इस्त्री दे."

"लोखंडाला इस्त्री करणार व्हय?"

मोबाइलवरच्या एका गोऱ्या माणसानं दाखवलं होतं, पट्टी इस्त्रीनं शेकली की सरस सुटतो. सुटला. पट्टीबरोबर मानेच्या तीन ढलप्याही सुटल्या, पण अश्फाकचं तिकडं लक्ष नव्हतं. सळई डोळ्यांपुढं होती आणि ती चांगली कमानदार वाकलेली होती.

"सापडला रोग," तो म्हणाला.

त्यानं ती प्रेसमध्ये धरली, बाक मोजायचा डायल लावला, पुन्हा पुन्हा फिरवून बघितली. बारा तारखेच्या दुपारी सळई अशी सरळ झाली की त्यानं तिचा फोटो काढून बायकोला पाठवला. मग सळई मानेतल्या खाचेत ठेवली. ती दोन्ही टोकांना टेकली आणि मधे अधांतरी राहिली. मधे दाबली की टोकं वर. टोकं दाबली की मधे वर. लहान पोराला अंगडं घालावं तशी झटापट चालली होती. शेवटी अश्फाकनं लाकडी हातोडी घेतली. तिसऱ्या ठोक्याला खाचेच्या कडेनं वीतभर चीर गेली.

त्या दिवसापासून तो खोटं बोलायला लागला.

"झालं का रं?" अब्बा संध्याकाळी विचारत.

"झालंच. रंग वाळतोय."

"रंग? रंग कशाला दिलास?"

"जरा पॉलिश, अब्बा."

"आत्ता तर रंग म्हणालास."

"रंगाचंच पॉलिश असतंय आता."

अब्बा डाव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून दाबून बघत. करंगळी पोचत नव्हती. ते अश्फाकला दिसे.

शुक्रवारी सुमैरानं नमाजाला जाण्यासाठी अब्बांच्या पांढऱ्या कुर्त्यावर इस्त्री फिरवली. कुर्त्याच्या पाठीवर बैलगाडी जाऊन आल्यासारखे दोन तपकिरी पट्टे उमटले. ती रडकुंडीला आली. अब्बांनी कुर्ता नाकाशी धरला. बराच वेळ धरला.

"सरस हाय," ते म्हणाले. "आन् शिसवाचा वास. अश्फाक, पट्टी काढलीस व्हय?"

अश्फाक जावई होता, घरचा कर्ता होता, दोन कामगारांचा मालक होता. तो नववीतल्या पोरासारखा खाली बघत उभा राहिला.

"चला," अब्बा म्हणाले. "मिरजेला जाऊ. दस्तगीर असंल."

दस्तगीरचाचा सतार करणारे. मिरजेत त्यांच्या दुकानात छताला भोपळे टांगलेले आणि चाचांचा आवाज त्या भोपळ्यांतून आल्यासारखा. त्यांनी मान उलटसुलट केली, सळई उचलली, एका डोळ्यानं तिच्यावरून नजर टाकली.

"ही कुणी केली?"

"मी," अश्फाक म्हणाला.

"लय सरळ केलीस गड्या. माझ्या मुलाची वागणूक अशी सरळ करून दे." मग त्यांनी खाचेवर बोट फिरवलं. "हे बघ. मधे खोल, टोकाला वर. करणाऱ्यानं ही डोळे मिटून खणली व्हय? सळई वाकडीच बसवत्यात. वाकडी हाय म्हणून तर मानेला धरून ऱ्हाती. शाफ्ट समजलास काय?"

अश्फाकनं वाकून खाचेत बघितलं.

"आन् तुमी, रहिमानभाई. वाजवणारा माणूस चार वर्षं तारा ताणून ठेवतो? लाकूड जाणारच की."

अब्बा भोपळ्यांकडं बघत होते. "विट्याला प्रोग्राम होता. सूर लावून बसलो होतो, आन् घरनं फोन आला. ती गेल्याचा. तवाचा सूर होता तो. उतरवायला हात धजला न्हाई."

अश्फाकच्या डोळ्यांपुढं डब्यात पडलेल्या चार तारा आल्या. अकरा तारखेला, चहा पिता पिता, त्यानं त्या सोडवल्या होत्या. शिट्टी वाजवत.

"मला सांगायचं न्हाई व्हय, अब्बा," तो कसाबसा म्हणाला.

"तुला काय सांगायचं. तारा कवातरी उतराव्या लागणारच होत्या."

चाचांनी सळई पुन्हा वाकवायचं, नट बदलायचं, चीर सांधायचं कबूल केलं. पण सरस वाळायला आठ दिवस.

"बावीसला ऑपरेशन हाय," अश्फाक म्हणाला.

"पुढं ढकला."

"डॉक्टर ऐकायचे न्हाईत."

"सरसबी ऐकायचा न्हाई." चाचांनी अब्बांच्या डाव्या हाताकडं बघितलं आणि आवाज उतरवला. "एकवीसला न्या. तारा दोन सूर खाली ठेवा. थोडंच वाजवा."

एकवीसला दुपारी चहा झाल्यावर अब्बा कॉटवर बसले. शेजारच्या बेंजोवाल्याचा स्पीकर आणला होता. सुमैरा बाळाला घेऊन समोर. अश्फाक दाराशी, पळून जायच्या तयारीत.

ढम्. ढम् ढम्. ढम्. कुणीतरी जड बूट घालून जिना चढतंय असा आवाज. एखादी पायरी मधेच गळत होती. तिथं बोट पोचत नव्हतं. पण मान धरून राहिली होती, आणि अश्फाकचा श्वास आठ दिवसांनी सुटला.

"कुठलं गाणं, अब्बा?" त्यानं विचारलं.

"वळख की."

"हळदीतलं?"

"न्हाई."

"कव्वाली हाय का?"

"न्हाई रं."

नुसत्या बासवरून गाणं कुणाला कळणार? तीस वर्षं लोक गाणाऱ्याकडं बघत होते.

"तुझी सासू चुलीपुढनं वळखायची," अब्बा म्हणाले. "मी इथं चार ठोके टाकले की ती तिकडं चाल धरायची. मग मला कळायचं, बरोबर वाजतंय." त्यांचा अंगठा थांबला.

तेव्हा सुमैरा म्हणाली, "मला कळलं," आणि हळूच गुणगुणायला लागली.

अब्बांनी तिच्याकडं क्षणभर बघितलं. मग म्हणाले, "व्हय. तेच," आणि पुन्हा ठोके सुरू झाले.

अश्फाक तिच्याजवळ वाकला. "तुला कसं वळखू आलं?"

"न्हाई आलं," ती ओठ न हलवता म्हणाली. "बाळाला झोपवताना म्हणते ते म्हणतेय."

"मग ते व्हय कसं म्हणाले?"

पदर डोळ्यांना लावायला हात रिकामा नव्हता, म्हणून तिनं बाळाच्या टोपड्याला तोंड पुसलं आणि पुढची ओळ धरली. अब्बा आपलं गाणं सोडून तिच्या अंगाईच्या मागं निघाले होते. दोन ठोके चुकत होते, तिसरा सापडत होता.

"बरोबर वाजतंय, अब्बा," अश्फाक म्हणाला. त्याला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं.