दहा लिटरची खीर

"आई, खिरीला दूध किती घेऊ?" बुद्धपौर्णिमेच्या सकाळी राजरत्नने फिनलंडहून विचारलं, तेव्हा बदलापूरच्या कात्रपमध्ये शीलाताईंचं स्वतःचंच पातेलं उतू चाललं होतं.

"दहा लिटर," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी बुद्धवंदना आटोपल्यावर व्हिडिओ कॉल लागला. स्क्रीनवर तीन पातेली, एक कुकर आणि मुलाचा रडवेला चेहरा.

"अरे, मी आपल्या बिल्डिंगचं माप सांगितलं! तू एकटा ना तिथे?"

"तू दहा म्हणालीस, मी दहा आणलं. आता काय करू?"

"वाट शेजाऱ्यांना."

"कोणाला, आई? आठ महिने झाले, हॉस्टेलच्या मजल्यावर कोणी हॅलोच्या पुढे बोललेलं नाही."

राजरत्नचे वडील, बबनराव पुढे सरकले. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांची तीस वर्षं नोटीसबोर्डाखाली गेली होती. "लिफ्टमध्ये नोटीस लाव. लांबड नको, कोणी वाचत नाही. 'आज पौर्णिमा. पाच नंबरच्या खोलीत या.' बस्स."

राजरत्नने तशीच लावली. अर्ध्या तासात दारावर टकटक झाली. अकरा जण आले, आणि सोबत दोन दुर्बिणी.

"पप्पा, हे आकाशदर्शनवाले आहेत! चंद्र कुठाय विचारतायत!"

"मग दाखव की."

"इथे ऊन आहे, पप्पा! रात्री दहापर्यंत उजेड असतो. त्यांना वाटतंय, मला काहीतरी खास माहितीये."

"आधी वाट्या दे त्यांच्या हातात," शीलाताई म्हणाल्या. "अहो, तुम्ही आपला चंद्र दाखवा ना त्यांना. आपल्याकडे उगवला असेल."

बबनराव फोन घेऊन गॅलरीत धावले. चष्मा आतच राहिला. समोरच्या बिल्डिंगवर त्यांना पांढरंशुभ्र, गोल काहीतरी दिसलं. त्यांनी फोन तिकडे धरला. फिनलंडमध्ये सगळे स्क्रीनकडे झुकले. एका मुलीने वहीत काहीतरी टिपून घेतलं.

"काय म्हणतायत?"

"इतका ब्राइट कसा, विचारतायत."

"सांग, उन्हाळा आहे," बबनराव अभिमानाने म्हणाले.

इतक्यात कात्रपची लाइट गेली. चंद्रही विझला.

पलीकडे एकच गलका झाला. "पप्पा, काय झालं? ग्रहण का, विचारतायत!"

शीलाताई बाहेर आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, तो समोरच्यांच्या टाकीवरचा दिवा! चंद्र हा काय, टाकीच्या डावीकडे." त्यांनी बबनरावांचा हात धरून फोन वळवला. अंधारात बुडालेल्या इमारतींवर तांबूस, मोठा, खरा चंद्र शांतपणे वर येत होता.

तिकडे चमचे थांबले. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली, कोणीतरी खुर्च्या ओढल्या, कोणीतरी वाटी पुढे केली. राजरत्न पहिल्यांदाच हसत होता.

"आई, पातेली संपत आलीत. आणि ही मुलगी विचारतेय, तुमच्याकडे दोन चंद्र आहेत का?"

शीलाताईंनी टाकीवरच्या विझलेल्या दिव्याकडे पाहिलं.

"सांग, आहेत. एकाचं बिल येतं."